ती ट्यूब चेहऱ्याला लावू नका

लगीनसराई तोंडावर आली आहे आणि ऊनही. या दोन्हींच्या कचाट्यात सापडलेल्या प्रत्येक मुलीला, तिच्या आईला, मावशीला आणि हो, तिच्या होणाऱ्या सासूबाईंनाही कळकळीची विनंती आहे. उन्हाने रापलेला चेहरा महिनाभरात उजळावा म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब चेहऱ्याला लावू नका. शेजारणीला गुण आला, पार्लरवालीने सुचवली, काउंटरवरचा मुलगा ‘सगळे हीच नेतात’ म्हणाला, यांतलं एकही कारण पुरेसं नाही.

काळवंडलेल्या त्वचेवर, वांगावर, मुरमांच्या डागांवर अशी सर्रास दिली जाणारी ट्यूब पुष्कळदा स्टेरॉइडची असते. पाकिटावरच्या बारीक अक्षरांत मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडेल. ही औषधं टाकाऊ नाहीत. एक्झिमा आणि सोरायसिसच्या रुग्णांना ती मोठा आधार देतात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि ठरलेल्या मुदतीपुरतीच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करून वांगावर लावण्याची कल्पना अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली मांडली. तेही औषधच होतं. आपल्याकडे मात्र त्याच जातीचं मिश्रण स्नो-पावडरच्या डब्यात जाऊन बसलं आणि सकाळ-संध्याकाळ वर्षानुवर्षं लावलं जाऊ लागलं.

फसगत होते ती पहिल्या पंधरवड्यात. चेहरा खरोखरच उजळतो. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, दाह दाबून टाकतं, रंगद्रव्य तयार होणं मंदावतं. आरशात फरक दिसतो, चार जणी विचारतात, ट्यूबचं नाव घराघरांत पोचतं. मग त्वचा पातळ होऊ लागते. गालांवर लाल शिरांची जाळी उमटते, हनुवटीवर पुरळ येतो, नको तिथे लव वाढते. आणि ज्या उन्हापायी हा सगळा खटाटोप केला, तेच ऊन आता पाच मिनिटंही सोसवत नाही. बाहेर पाऊल टाकलं की चेहऱ्याची आग होते. घाबरून ट्यूब बंद करावी तर चेहरा दुप्पट भडकतो, म्हणून पुन्हा लावली जाते. आता ती सुटता सुटत नाही. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं, तर काहींच्या गालांवर निळसर-काळी झाक बसते आणि ती घालवणं तज्ज्ञांनाही जड जातं.

हे दोन-चार घरांपुरतं असतं तर जाहीर आवाहनाची गरज नव्हती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन त्वचारोग विभागांत आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या दुरुपयोगाविरुद्ध खास कृतिदल नेमलं. २०१८च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा ठरलं. कायदा झाला. काउंटरवर मात्र अजूनही ‘ती गोरी व्हायची ट्यूब द्या’ एवढं म्हटलं की काम होतं.

याहून भयंकर प्रकार नाव-गाव-पत्ता नसलेल्या डब्यांचा. पार्लरमध्ये, ऑनलाइन, कुणाच्या ओळखीतून आलेल्या काही क्रीममध्ये पारा असतो. पारा रंगद्रव्य थोपवतो आणि त्वचेतून झिरपून मूत्रपिंडापर्यंत जातो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशी बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासण्यांत माग निघाला तो त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीममधल्या पाऱ्याचा. केरळात मलप्पुरम भागातही असेच रुग्ण सापडले. आपल्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात पारा घालायलाच मनाई आहे, तरी तो येतो. म्हणून डब्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नका. आणि चेहऱ्याला क्रीम चालू असताना पायांवर सूज दिसली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर थेट डॉक्टरांकडे जा आणि डबा सोबत न्या.

मग उन्हाचं करायचं काय? ते काही खोटं नाही. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो. मुंबई-पुण्यात त्यातला पहिला दिवस मेच्या मध्यावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर अतिनील निर्देशांक ३ झाला की अंग झाकायला सांगतात आणि ११च्या पुढे धोका टोकाचा मानतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो सहज ११ ओलांडतो. आकडा बघायला मोबाइल हवाच असं नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की किरणं जोरात आहेत हे शेतात उभं राहूनही कळतं. उकाडा आणि अतिनील किरणं एकच नव्हेत. डिसेंबरातलं दुपारचं गोड ऊन आणि आषाढातलं विरळ ढगांआडचं ऊनही त्वचेवर काम करत असतं.

सावळ्या त्वचेला या किरणांपासून काहीसं संरक्षण असतं आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी होतो. पण डाग आणि वांग याच त्वचेवर अधिक धरतात आणि चिवटपणे टिकतात. काचेआड बसूनही पूर्ण सुटका नाही. अतिनील ‘ब’ किरणं काच अडवते, ‘अ’ किरणं बरीचशी आत येतात. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २८ वर्षं गाडी चालवलेल्या एका अमेरिकी चालकाचा फोटो छापून आला होता; खिडकीकडचा अर्धा चेहरा सुरकुत्यांनी भरलेला, दुसरा अर्धा पुष्कळच तरुण. तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्या एसटीच्या आणि ट्रकच्या चालकांनी उजवा गाल आणि उजवा हात सांभाळावा.

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कापड. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून स्कूटीवर जाणाऱ्या पुण्याच्या मुलींची फार थट्टा झाली. त्यांचं बरोबर होतं. विदर्भातला डोक्या-कानांवरून घेतलेला दुपट्टा, कांदा काढणाऱ्या बायांनी साडीवर चढवलेला नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, सनकोट, छत्री, हे सगळं कुठल्याही क्रीमच्या आधी येतं. गांधी टोपीला मात्र कड नाही. तिच्याखाली चेहऱ्याला काही सावली मिळत नाही, उपरणं वरून घ्यावं.

कापडाबाहेर राहिलेल्या त्वचेसाठी सनस्क्रीन. एसपीएफ ३० पुरे. ते ‘ब’ किरणं जवळपास ९७ टक्के अडवतं आणि ५०चं ९८ टक्के, तेव्हा दुप्पट किमतीच्या मागे धावू नका. ‘अ’ किरणांसाठी पाकिटावर ‘पीए’पुढे अधिकची चिन्हं किती ते बघा. खरी गोम प्रमाणात आहे. प्रयोगशाळेत हे आकडे दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढतात आणि आपण लावतो बोटभरही नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा-मानेला हवं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असेल तर किंचित रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली सनस्क्रीन घ्या, कारण वांगाला नुसता दिसणारा प्रकाशही चिथावतो. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या एका चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वय चढण्याच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळल्या. चाचणीतली माणसं बहुतांशी गोरी होती, हे लक्षात ठेवूनही हा फरक मोठा आहे.

झालेलं नुकसान भरून निघतं का? बरंचसं, पण सावकाश. रापलेपणा काही आठवड्यांत उतरतो, वांगाला महिने लागतात, आणि ऊन न अडवता लावलेलं कुठलंही औषध पाण्यात जातं. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढ्यावर निम्म्या मुलींचं भागेल. पुढे नायसिनामाइड, अझेलिक ॲसिड, रात्रीचं रेटिनॉइड अशी खरी औषधं आहेत. ती त्वचारोगतज्ज्ञांनी द्यावीत, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नकोच. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की त्वचा भाजून काळे पट्टे उठतात. टूथपेस्ट, खायचा सोडा, ब्लीच यांचंही नाव काढू नका.

ट्यूब बरेच महिने लावून झाली असेल तर लाजू नका आणि घरच्या घरी प्रयोगही करू नका. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा, ट्यूब दाखवा, किती दिवस लावली ते खरं सांगा. ती कशी सोडवायची हे तिथले डॉक्टर जाणतात.

औषध दुकानदारांनो, तुमच्या भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे. चिठ्ठी मागा, नसेल तर गिऱ्हाईक परत पाठवा. पार्लरवाल्या ताईंनो, बिनलेबलचा डबा दुकानात ठेवू नका. मुकादमांनो आणि बागायतदारांनो, उन्हाळ्यात काम पहाटे लवकर सुरू करा आणि दुपारी बारा ते तीन बायांना सावलीत बसू द्या. मजुराच्या हातात सनस्क्रीन देण्याआधी हे द्यायला हवं. आणि मुलगी बघायला जाणाऱ्या मंडळींनो, तिच्या रंगावर बोलणं थांबवा. या ट्यूबचा खप तुमच्या दिवाणखान्यात ठरतो.

आज संध्याकाळी घरातल्या आरशाखालचा खण उघडा. तिथली प्रत्येक ट्यूब उजेडात नेऊन वाचा, वर दिलेल्या चार नावांपैकी एकही दिसलं तर ती कुणाच्या चिठ्ठीवर आली ते विचारा, आणि चिठ्ठी नसेल तर उद्याच डॉक्टर गाठा.