‘निर्जन’ बेट कसे घडवले जाते : दिएगो गार्सिया

१/ दिएगो गार्सियाचे नाव निघाले की आपल्याकडच्या चर्चा धावपट्टी, बॉम्बर विमाने आणि आरमारी डावपेच यांवर येऊन थांबतात. त्या बेटावर माणसे राहत होती, याची आठवण क्वचितच कुणाला होते. हा धागा त्या माणसांविषयी आहे.

२/ चागोस द्वीपसमूहात अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी गुलाम आणून नारळाचे मळे उभारले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. पुढे हिंदुस्थानातूनही काही मजूर गेले. त्यांच्या वंशजांची क्रिओल बोली, चर्च आणि दफनभूमी त्या बेटांवर होती. दफनभूमी असलेली वस्ती तात्पुरती नसते.

३/ १९६५ मध्ये, मॉरिशसच्या स्वातंत्र्याला तीन वर्षे उरली असताना, ब्रिटनने चागोस तोडून नवी वसाहत केली. १९६६ मध्ये अमेरिकेशी लष्करी तळाचा करार झाला. मोबदला मात्र गुप्त होता : पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतची सवलत.

४/ अडचण एकच होती. वसाहतीत कायमचे रहिवासी असतील, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार त्यांच्या हिताची जबाबदारी येते. तेव्हा रहिवासीच नाहीत, असे ठरवण्यात आले. तिथेच जन्मलेली माणसे कागदोपत्री ‘कंत्राटी कामगार’ झाली. १९६६ च्या एका सरकारी टिपणात तर ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ म्हणून त्यांची टवाळी आहे.

५/ मग कागद खरा करण्यात आला. मॉरिशसला उपचारासाठी गेलेल्यांना परतीची बोट नाकारली गेली. १९७१ मध्ये पाळीव कुत्री खोबऱ्याच्या कोठारात कोंडून वाहनांच्या धुराने मारली गेली. १९७३ पर्यंत सुमारे दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडण्यात आली.

६/ ‘सुरक्षेसाठी हे अपरिहार्य होते,’ असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टींचे उत्तर द्यावे. पेरोस बान्योस आणि सालोमन ही बेटे तळापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. तीही का रिकामी केली? आणि पुढे तळावर राबण्यासाठी फिलिपिन्समधून खरेखुरे कंत्राटी कामगार आणले गेले, ते कसे चालले? परके मजूर चालत होते. चालत नव्हता तो भूमीवर हक्क सांगू शकणारा माणूस.

७/ २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणे बेकायदा असल्याचे मत दिले. आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला पाठबळ मिळाले. २०२५ च्या करारात सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे ठरले, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी कायम. वाटाघाटी दोन सरकारांच्या. चागोसवासी त्यांत पक्षकारच नव्हते. ज्यांची भूमी, त्यांना पुन्हा वगळूनच सौदा झाला.

८/ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने ‘निर्जन बेट’ हा शब्द सहजासहजी स्वीकारू नये. ते कोणी निर्जन केले, कोणत्या वर्षी आणि कोणत्या कागदाच्या आधारे, हे विचारावे. न विचारता तो शब्द वापरला, तर १९६६ चे ते टिपण आपणच पुढे चालवत असतो.