सहीपुरते आईबाप नकोत

37 आठवडे भरण्याआधी जन्मलेलं मूल म्हणजे अपुऱ्या दिवसांचं मूल. 2020 साली भारतात अशी सुमारे 30 लाख मुलं जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांच्यासाठी संशोधन हवंच, त्यात वाद नाही. पण त्यात आईबापांचं काम बहुधा एवढंच असतं : एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दारात चपला काढायच्या आणि दाखवतील तिथे सही करायची. एवढ्यावर समाधान मानू नका.

बाळ काचेच्या पेटीत असताना डॉक्टरांचं लक्ष मॉनिटरवर असतं, असायलाच हवं. पण टाके ओले असताना दर दोन-तीन तासांनी वाटीत दूध काढायचं, ते कुठे बसून? घरी नेल्यावर रात्री बाळ निपचित वाटलं तर काय बघायचं? पुढच्या खेपेला पुन्हा असंच होईल का? हे प्रश्न आईलाच पडतात. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्सच्या पुढाकाराने पालक आणि डॉक्टर-नर्स एकत्र बसले आणि अकाली प्रसूतीवर कोणतं संशोधन आधी व्हावं ते ठरवलं. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या यादीत बाळ घरी जाताना कुटुंबाला काय आधार द्यावा, हाही प्रश्न आहे.

प्रश्न ठरवण्यातच नाही, तर उपचारातही आईला एनआयसीयूच्या आत घेतल्याने काय होतं, हे आपल्याकडे दिसलंय. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतल्या चार देशांतली रुग्णालयं यांनी मिळून, अगदी कमी वजनाच्या बाळांना जन्मताच आईच्या किंवा घरच्या कुणाच्या उघड्या छातीशी ठेवून पाहिलं. बाळ स्थिरावण्याची वाट पाहिली नाही. आईचा पलंग थेट अतिदक्षता विभागात आणला. पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी घटले आणि फायदा इतका उघड होता की प्रयोग वेळेआधीच थांबवला. निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. शिस्तीच्या नावाखाली आपण आईला किती वर्षं दाराबाहेर बसवलं!

तेव्हा तुमच्यासमोर संशोधनाचा कागद आला, तर घाई करू नका. कळा सुरू असताना तर नाहीच. घरातल्या कुणाला बरोबर घ्या. माहिती मराठीत मागा, कागदाची प्रत ठेवा. नाही म्हणालात किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आणि दोन प्रश्न जरूर विचारा : हा अभ्यास ठरवताना कुणा आईबापांना विचारलं होतं का? निकाल आम्हाला कळवाल का?

ज्यांचं मूल आता अंगणात धावतंय, त्यांना वेगळं सांगणं आहे. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत एक सदस्य सामान्य नागरिक असावाच लागतो. मुलाच्या तपासणीला जाल तेव्हा तुमच्या रुग्णालयाच्या समितीत तो कोण आहे ते विचारा, आणि ती जागा रिकामी होईल तेव्हा स्वतःचं नाव द्या.