वाकळ : काटकसर की कला?

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आपल्या शाळा-महाविद्यालयांत आता चांगलाच रुळला आहे. स्नेहसंमेलनात त्याचे प्रदर्शन भरते, स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात. रिकाम्या बाटलीवर रंग चढतो, जुन्या सीडींचे तोरण होते, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची फुलदाणी होते. पाहुणे कौतुक करतात. त्या कौतुकाला माझी हरकत नाही. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. एखादी वस्तू टाकाऊ आहे हे ठरवतो कोण? ज्याला नवी घेणे परवडते तो! ज्याला परवडत नाही, त्याच्या घरात टाकाऊ नावाची वस्तूच नसते.

मी माण तालुक्यातली. आपल्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आहे आणि पूर्वेला आमचे माण. महाबळेश्वरी जो पाऊस कोसळतो त्याचा दहावा हिस्साही सह्याद्री ओलांडून आमच्यापर्यंत येत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत या भागांचीही तीच कथा. पाऊस नाही म्हणून पीक नाही आणि पीक नाही म्हणून दिवाळीच्या सुमारास अनेक घरांना कुलूप लागते. माणसे कृष्णाकाठच्या उसाच्या फडात जातात. माझे आईवडीलही जात. शाळेसाठी मी आजीजवळ गावी राहायची आणि सुट्टी लागली की कोपीवर जायची. आज मी ज्याला कला म्हणणार आहे, ती मी प्रथम तिथे पाहिली.

ज्यांनी कोपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चार बांबू वाकवायचे, वर उसाचे पाचट किंवा चटई टाकायची, की झाले घर. अलीकडे पाचटावर फ्लेक्सही टाकतात. निवडणूक संपली की चौकातले फ्लेक्स उतरतात आणि पुढाऱ्यांचे हसरे चेहरे उलटे होऊन आमच्या डोक्यावर येतात. तेवढीच सावली! कोपीपुढे पोरे खेळत असतात. तुटलेल्या स्लिपरची चाके, बाभळीच्या काट्याचा आस, उसाच्या कांड्यांची साटी, अशी त्यांची गाडी चालते. आणि आत, दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून आलेली बाई भाकरी उरकल्यावर मांडीवर वाकळ घेऊन बसते.

वाकळेत नवे असे काहीच नसते. आत विटलेले लुगडे, वर त्यातल्या त्यात धड असलेले धोतर, कडेला परकराचे आणि चोळीचे तुकडे. पेंडीच्या पोत्याची शिवण हलक्या हाताने उसवली की लांब, चिवट दोरा निघतो. आई तोच सुईत ओवायची. कडेपासून टाके घालत घालत मध्याकडे यायचे, ओळीला लागून ओळ. एक वाकळ पुरी व्हायला तिला निम्मा हंगाम लागे. शेवटी मध्याचे तोंड मिटण्याआधी आजी त्यात भाकरीचा तुकडा ठेवायला सांगे. वाकळ उपाशी राहू नये म्हणून.

येथे कोणी म्हणेल, “ही तर गरज झाली. थंडी वाजते म्हणून चिंध्या जोडल्या. यात कला कुठे आली?”

आक्षेप रास्त आहे. केवळ ऊब हवी असती तर हाती येईल तो तुकडा येईल तेथे जोडून काम भागले असते. पण आई तसे करीत नसे. दिवसभराच्या श्रमाने हात सुजलेले असताना ती तुकडे जमिनीवर मांडायची, उचलायची, पुन्हा मांडायची. एकदा दोन काळे तुकडे शेजारी आले, तेव्हा घातलेले टाके उसवून तिने मध्ये तांबडा तुकडा घातला. मी विचारले, “आये, काय बिघडलं हुतं?” ती म्हणाली, “दोन काळी शेजारी आली की वाकळ आंधळी दिसती गं.”

त्या तांबड्या तुकड्याने वाकळ तसूभरही जास्त उबदार झाली नाही. तो गरजेचा नव्हता, तो डोळ्यांसाठी होता. गरज जिथे संपते आणि तरीही हात थांबत नाही, तिथे कला सुरू होते असे मला वाटते. निवड करणे, नाकारणे, पुन्हा मांडणे, हेच तर चित्रकार करतो!

जगाने हे मान्य केलेले आहे. १९४२ साली पिकासोने सायकलचे सीट आणि हँडल एकत्र जोडून बैलाचे मस्तक केले. त्याला कोणी काटकसर म्हटले नाही. चंदीगडला नेकचंद नावाच्या रस्ते निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि मोडक्या फरशा गोळा करून जंगलात चोरून एक नगरी उभी केली. १९७६ साली ती लोकांना खुली झाली आणि १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या वाकळेची सख्खी बहीण तर अमेरिकेत आहे. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. एकेकाळी गुलाम म्हणून कापसाच्या मळ्यात राबलेल्या काळ्या लोकांचे हे वंशज. तिथल्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाने त्या भिंतीवर लावल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. पण पुढची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांतल्या काही बायकांना २००७ साली आपल्या हक्काच्या पैशांसाठी न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी तो तंटा मिटला. कला भिंतीवर चढली तरी करणारीचा प्रश्न आपोआप सुटत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आपल्याकडे चिंधीला मान नव्हता असे नाही. बौद्ध भिक्षूंची चीवरे टाकून दिलेल्या कापडाच्या तुकड्यांतून शिवली जात आणि त्यांची रचना मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी असे. गाडगेबाबांनी चिंध्यांचे वस्त्र आयुष्यभर अंगावर वागवले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. पण तो मान चिंधी पांघरणाऱ्याच्या त्यागाला होता. शिवणाऱ्या हाताच्या कसबाकडे कोणाचे लक्ष गेले?

आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात औंधचे संग्रहालय आहे. पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभे केले. रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतच्या कलाकृती दुष्काळी मुलखातल्या त्या टेकडीवर पाहायला मिळतात. तिथे चित्राबरोबर चित्रकाराचे नाव येते. मला वाकळेचे दुःख तिथे कळले. वाकळेखाली नाव नसते. फडातही तसेच आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाच्या वहीत उचल लिहिली जाते ती नवऱ्याच्या नावावर. बाई असते ‘अर्धा कोयता’. दिवसा जिचे नाव वहीत नाही, रात्री तिचे नाव वाकळेवर कोण लिहिणार?

याचा अर्थ गरिबीचे गोडवे गावेत असा मुळीच नाही. शहरातली काही मंडळी कोपीचे फोटो काढून “किती साधे, किती सुंदर जीवन!” म्हणतात, तेव्हा राग येतो. पाचटातून थंडीचा वारा कसा येतो हे त्या फोटोत दिसत नाही. आईला विचाराल तर ती सांगेल, “कला कसली? बरं ब्लँकेट मिळालं असतं तर कशाला शिवली असती?” तिचे म्हणणे खोटे नाही. आता ब्लँकेट स्वस्त झाले आहे आणि सिंथेटिक साडी सुईखाली घसरते, म्हणून वाकळ शिवणे कमी होत चालले आहे. आमच्या पिढीतल्या मुलींना ते येत नाही. वसतिगृहात कित्येकजणी घरची वाकळ खाली अंथरतात आणि वर बाजारातली चादर घालतात. दुसरीकडे शहरात हीच गोधडी चांगल्या किमतीला विकली जाते!

मग करावे काय? वाकळ जगवण्यासाठी कोणी गरीब राहावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ज्या कसबाने गरिबीतही रंग पारखले, त्याची नोंद तरी आपण ठेवू शकतो. पुढच्या वर्षी ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या दालनात एक भिंत वाकळांसाठी राखून ठेवावी अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या घरी एखादी तरी वाकळ निघेल. प्रत्येक वाकळेखाली शिवणारीचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे, आणि किती दिवस लागले तेही. मराठीच्या विद्यार्थ्यांनी टाक्यांची, काठांची, तुकड्यांची नावे आजीकडून लिहून घ्यावीत, कारण हे शब्द कोशात सापडतीलच असे नाही. आणि कोणी विकत मागितली तर कापड जुने आहे म्हणून किंमत पाडू नये. दिवसांचा हिशेब करावा आणि पैसे शिवणारीच्या हातात द्यावेत.

मित्रहो, आपण पदवीधर होऊ तेव्हा प्रमाणपत्रावर आपले नाव छापून येईल. आपल्यातल्या अनेकांच्या घरात छापून आलेले ते पहिलेच नाव असेल. ते नाव लिहायला ज्या हातांनी आपल्याला बसवले, त्या हातांचे नाव एका कागदाच्या पट्टीवर लिहिणे आपल्याला अवघड जाऊ नये.