पाइनवुडचा हिमालय आणि चाकांवरचे सेट

ब्रिटिश स्टुडिओंशी आपली ओळख फाळक्यांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. १९१२ साली ते लंडनला गेले, वॉल्टनला सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. पुढे १९२४ मध्ये हेपवर्थचं दिवाळं निघालं आणि त्याच्या निगेटिव्ह चांदीसाठी वितळवल्या गेल्या, इथवर आपण जात नाही. हा अंक नटांमागे दृश्यं दाखवणाऱ्या एलईडी भिंतीपुढच्या चित्रीकरणावर आहे, म्हणून यावेळी थोडं पुढे जाऊ. ‘आता लोकेशनला जायलाच नको’ हे वाक्य सध्या प्रत्येक प्रॉडक्शन मीटिंगमध्ये ऐकू येतं. लंडनच्या पश्चिमेला पाइनवुड स्टुडिओमध्ये ते पंचाहत्तर वर्षांपूर्वीच बोलून झालं होतं, आणि त्याच्यावर पैसाही भरपूर लावून झाला होता.

पिठाच्या गिरण्यांचा वारसदार जे. आर्थर रँक तेव्हा ब्रिटिश सिनेमाचा सर्वांत मोठा धनी होता. पाइनवुड त्याचं, डेनहॅम त्याचं, ओडियन आणि गाँमाँ या चित्रपटगृहांच्या साखळ्याही त्याच्याच. युद्ध नुकतंच संपलेलं, लाकूड आणि प्लॅस्टर मिळायची मारामार. अशात ऑगस्ट १९४७ मध्ये सरकारने डॉलर वाचवण्यासाठी अमेरिकन चित्रपटांवर ७५ टक्के कर बसवला. हॉलिवूडने नवे चित्रपट पाठवणंच थांबवलं. रिकामे पडदे आपण भरू, या हिशेबाने रँकने निर्मितीचा मोठा घाट घातला. पुढच्याच वर्षी कर उठला, साठलेले अमेरिकन चित्रपट एकदम येऊन आदळले, आणि १९४९ पर्यंत रँकच्या डोक्यावर बँकेचं दीड कोटी पौंडांहून अधिक कर्ज झालं. अशा दिवसांत ‘खर्च कमी करून दाखवतो’ म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार नाही?

तसं म्हणणारा माणूस म्हणजे डेव्हिड रॉन्सली. हा कुणी हिशेबनीस नव्हता, कसलेला कला दिग्दर्शक होता. ‘फॉर्टी-नाइन्थ पॅरलल’ आणि ‘इन विच वुई सर्व्ह’ या चित्रपटांवर त्याने काम केलं होतं. त्याच्या पद्धतीचं नाव ‘इंडिपेंडंट फ्रेम’. प्रत्येक शॉट आधी कागदावर काढायचा. फ्रेममध्ये दिसेल तेवढाच सेट बांधायचा, तोही फ्लोअरवर नव्हे तर कारखान्यात, चाकांच्या चौथऱ्यांवर. एक शॉट संपला की तो ढकलून बाहेर, पुढचा तयार असलेला आत. बाहेरची दृश्यं दुसऱ्या युनिटने डमी घेऊन आधीच टिपून आणायची आणि नटांच्या पाठीमागे बॅक प्रोजेक्शनने टाकायची. फ्लोअर एक मिनिट रिकामा राहता कामा नये. कागदावर ही योजना आजही कुणाही निर्मात्याला भुरळ घालील. लाइटिंगला चार तास लागून शिफ्ट वाढते ती का, याचं उत्तर त्याने अगदी नेमकं शोधलं होतं.

‘वॉर्निंग टू वाँटन्स’, ‘फ्लडटाइड’, ‘स्टॉप प्रेस गर्ल’, ‘पोएट्स पब’. १९४९ च्या आसपास या पद्धतीने केलेले हे चित्रपट आले आणि गेले. (‘फ्लडटाइड’च्या जोडीने, गॉर्डन जॅक्सन आणि रोना अँडरसन यांनी, पुढे खरोखर लग्न केलं, या पद्धतीतून टिकाऊ निघालेली ती एक गोष्ट, असं चेष्टेने म्हणता येईल.) पद्धत गुंडाळली गेली. अपयशाचं एक कारण निव्वळ तांत्रिक होतं. बॅक प्रोजेक्शनमध्ये कॅमेरा प्रोजेक्टरच्या रेषेत ठेवावा लागतो. बाजूला सरकला की पडद्याचा एक भाग उजळ, बाकीचा काळपट. नटावरचा उजेड पडद्यावर सांडला की पार्श्वभूमी धुतली जाते. म्हणजे कॅमेरा खिळलेला, नट खिळलेला, लाइटिंगही जखडलेलं. एलईडी भिंतीने ही अडचण बऱ्याच अंशी सोडवली आहे: कॅमेऱ्याच्या हालचालीबरोबर भिंतीवरचा कोन बदलतो, आणि भिंतीचा उजेड नटाच्या अंगावर उपयोगाचाच ठरतो.

मात्र सगळा दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही. कारण त्याच पाइनवुडमध्ये, दोन-तीन वर्षं आधी, ‘ब्लॅक नार्सिसस’ घडला होता. रूमर गॉडनच्या कादंबरीवरचा, हिमालयातल्या ख्रिस्ती नन्सच्या मठाचा हा चित्रपट. दिग्दर्शक मायकेल पॉवेलने हिंदुस्थानात पाऊल न ठेवता तो केला. लोकेशन आणि स्टुडिओ यांची सरमिसळ पडद्यावर खटकते, तेव्हा सगळंच बनवायचं, हा त्याचा निर्णय. कला दिग्दर्शक आल्फ्रेड युंगेने मठाचा राजवाडा स्टुडिओच्या आवारात उघड्यावर उभारला. खिडक्यांबाहेरचे डोंगर म्हणजे कृष्णधवल फोटोंची प्रचंड एन्लार्जमेंट, वरून खडूने रंगवलेली. मठाच्या घंटेखालची ती पोटात गोळा आणणारी दरी पर्सी डेच्या मॅट पेंटिंगमधली. झाडीसाठी फार तर ससेक्समधल्या लेनर्ड्सली बागेपर्यंत मजल. कॅमेरामन जॅक कार्डिफने उजेड घेतला तो व्हर्मीरच्या चित्रांवरून. युंगे आणि कार्डिफ दोघांनाही ऑस्कर मिळालं. जीन सिमन्सला सावळा रंग फासून कांची केलेली आज बघवत नाही, ते वेगळं; डोंगरांचं काम मात्र अजून कुणाला जुनं वाटत नाही.

आखणीचंच म्हणाल तर ‘ब्लॅक नार्सिसस’ कमी आखीव नव्हता. शेवटच्या थरारक प्रसंगाचं संगीत ब्रायन ईझडेलने आधी रचलं आणि त्या तालावर शॉट घेतले गेले. यापेक्षा काटेकोर ते काय असणार? फरक इतकाच की आखणारे आणि फ्लोअरवर उभे राहणारे हात तेच होते. डोंगर कोणत्या रंगाचा हवा, हे कार्डिफचे दिवे माहीत असलेला युंगे ठरवत होता. रॉन्सलीच्या पद्धतीत पार्श्वभूमी एकाने आणायची, चौकट दुसऱ्याने काढायची, आणि दिग्दर्शक व कॅमेरामन फ्लोअरवर येईपर्यंत ठरवण्यासारखं फारसं उरतच नसे. आर्थिक घाईने ही विभागणी सोयीची ठरवली. माझ्या मते ती पद्धत तिथेच बुडाली.

आज आपल्याकडे एलईडी भिंतीचं भाडं दिवसावर मोजलं जातं, म्हणून भिंतीपुढचे दिवस कमी करण्याची धडपड असते. त्यात गैर काही नाही. पण भिंतीवर जाणारी दृश्यं महिनाभर आधी तयार होत असताना कॅमेरामनचा करार बहुतेक वेळा झालेलाच नसतो. सूर्य कुठल्या बाजूला, हे संगणकावर बसलेल्या मुलाने ठरवून टाकलेलं असतं. मग शूटिंगच्या सकाळी दिव्यांची आणि भिंतीची भांडणं लागतात, आणि वाचवलेले दिवस पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये खर्ची पडतात. तेव्हा निर्मात्यांकडे या अंकाच्या निमित्ताने एक मागणी: भिंतीवरच्या दृश्यांचं काम सुरू होईल त्याच दिवसापासून कॅमेरामन आणि कला दिग्दर्शक यांचे दिवस धरा, मानधनासह, आणि त्यांच्या सहीशिवाय एकही दृश्य मंजूर करू नका. पुढच्या पानांवर करारात घालण्याजोग्या कलमांचा मसुदा दिला आहे. त्यात काय कमी, काय जास्त, ते कळवा.