चार मुले, एक नोकरी

शाळेच्या फीचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा सरकारी अनुदान आणि पालकांचा खिसा या दोन टोकांतच घुटमळत राहते. शिकागो शहरातील पिल्सन वस्तीत जेझुइटांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या क्रिस्तो रे या माध्यमिक शाळेने तिसरीच वाट धरली. वस्ती प्रामुख्याने मेक्सिकोतून आलेल्या कष्टकऱ्यांची. पूर्ण फी भरण्याची ऐपत तेथे कोणाची असणार? तेव्हा पेरूमध्ये अनेक वर्षे काम करून परतलेले फादर जॉन फोली व त्यांचे सहकारी यांनी असे ठरविले की, मुलांनीच शहरातील बँका, वकिलांच्या कचेऱ्या व इस्पितळे येथे कारकुनी करावी. एक जागा चार मुलांनी वाटून घ्यायची, प्रत्येकाने महिन्यातून पाच दिवस कामावर जायचे आणि वेतन थेट शाळेकडे जमा व्हायचे. शिक्षणाच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्यातून निघतो. बुडालेले तास भरून काढण्यासाठी शाळेची वेळ वाढविण्यात आली. आज या पद्धतीच्या शाळा चाळिसाच्या घरात आहेत.

ही वेळ का आली, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील कॅथलिक शाळा स्वस्त होत्या, कारण तेथे शिकविणाऱ्या धर्मभगिनी व धर्मबंधू केवळ निर्वाहापुरते घेत. त्यांची संख्या ओसरली, पगारी शिक्षक आले आणि फी चढत गेली. 1960 च्या दशकात या शाळांत सुमारे 52 लाख विद्यार्थी होते. आज ते 20 लाखांच्याही आत आहेत. म्हणजे ज्याला स्वस्त शिक्षण म्हटले जाई, ती शिक्षकांच्या न घेतलेल्या पगाराची देणगी होती. (आपल्या विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको, त्यांची देणगी मात्र ऐच्छिक नसते.)

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'ची आठवण होणे साहजिक आहे. परंतु तेथे मुलांचे श्रम बव्हंशी संस्थेच्याच शेतीत व बांधकामात मुरत. येथे ते बाजारात विकले जातात. मंदीत कंपन्यांनी जागा कमी केल्या की शाळेचे उत्पन्नही आटणार. शिवाय संपन्न घरातला मुलगा त्या दिवशी वर्गात बसलेला असतो. तरीही, ज्याच्या घरातील कोणी कचेरीचा उंबरठा ओलांडला असेल तर तो झाडू घेऊनच, त्या मुलाला तेथे खुर्ची मिळते, याचे मोल मी कमी लेखणार नाही. हीच योजना मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत आणावी असे सुचविणाऱ्यांनी मात्र आधी एवढे सांगावे की, त्या जागेवरून जो कारकून हटेल त्याच्या मुलाची फी कोण भरणार?