काळजी दारात नको, पिशवीत हवी

मैत्रिणींनो, संक्रांत झाली, तिळगुळाचे डबे तळाला गेले आणि एके रात्री जेवताजेवता आमच्या ह्यांनी सांगून टाकलं, "येत्या शुक्रवारी मी आणि धाकटा पाचगणीकडे जाऊन येतो. मोटारसायकलवर. एक रात्र तंबूत राहायचं आहे."

माझ्या हातातला डाव आमटीतच राहिला. ह्यांचं वय अठ्ठावन्न आणि गाडी चाळिशीची! आमच्या दुधनीपासून पाचगणी म्हणजे जाऊन येऊन सातशेच्या आसपास किलोमीटर. तेही ऐन थंडीत.

आमची गाडी येझदी. म्हैसूरच्या कारखान्यात आधी जावा निघायची, पुढे तिचंच येझदी झालं आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. गाडी मामंजींनी घेतलेली. ज्या दांड्यानं किक मारायची, तोच फिरवला की गिअरचा दांडा होतो, हे पाहुण्यांना दाखवण्यात ह्यांची निम्मी हयात गेली. धाकट्या भावजींकडे जुनी बुलेट, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. अशा गाड्या बाळगणारी मंडळी थंडीत एका शेतावर जमतात, तंबू ठोकतात, शेकोटीभोवती इंजिनाच्या गप्पा मारतात आणि सकाळी घरोघर परत जातात.

"यात सुख ते काय?" मी विचारलं. भावजी म्हणाले, "वहिनी, जर्मनीत 1956 सालापासून असा मेळावा भरतो. हत्तींचा मेळावा म्हणतात त्याला. तिथे तर लोक बर्फात तंबू ठोकतात." हत्ती म्हणजे खरे हत्ती नव्हेत हं. त्सुंडाप नावाच्या एका हिरव्या, दणकट मोटारसायकलचं ते लाडाचं नाव. म्हणजे हे वेड आमच्याच घरातलं नाही, एवढं समाधान मिळालं.

दोन दिवस मी घुम्यासारखी वावरले. पुण्याहून मुलाचा फोन, "आई, तू नाही म्हण. आणि ती गाडी एकदाची विकून टाका." शेवटी सासूबाईंनीच तोंड उघडलं. "अगं, जायचा तो जाणारच. तू नको म्हणालीस तर उपाशी जाईल, इतकंच. त्यापेक्षा तूही जा की मागं बसून. काळजी दारात उभी राहून करण्यापेक्षा पिशवीत भरून ने."

झालं! मी पिशवी भरायला घेतली.

आधी कागद. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी ती नव्यानं करून घ्यावी लागते. विमा आणि धुराचा दाखला निराळा. हे सगळं तारखांसकट तपासलं. विम्याची मुदत आठच दिवसांत संपत होती आणि ह्यांना पत्ता नव्हता! मग हेल्मेट दोन. मागे बसणाऱ्यालाही कायद्यानं हेल्मेट लागतंच. क्लचची एक तार, एक प्लग, पॉलिश पेपर आणि टॉर्च पिशवीच्या वरच्या कप्प्यात.

कपड्यांचं सांगते. थंडी 10 अंश असली आणि गाडी ताशी 60 च्या वेगानं पळत असली, तर उघड्या कातडीला ती 5 अंशांसारखी लागते. तेव्हा एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट बरं. जाकिटाच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी घातली की वारा आत शिरत नाही. मला हसू आलं, पण पसरणीच्या घाटात त्याच घडीनं जीव वाचवला. मी साडी नेसले नाही. पंजाबी ड्रेस घातला, ओढणी घरी ठेवली आणि सलवारीचे पाय घोट्याशी बांधून घेतले. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं, ते सांगायला नको.

खायला आपली कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तिळाचे लाडू. कडक भाकरी शिळी होत नाही, सांडत नाही आणि पाण्यावाचूनही निभते. निघताना सासूबाईंनी घोंगडी आणि दोन सोलापुरी चादरी गाडीला बांधायला लावल्या. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "रात्री शेगडी उशाशी घेऊ नका गं. माझ्या बाळंतपणात खोलीत शेगडी पेटली की आई आधी खिडकी उघडायची."

मी नुसतं हो हो म्हटलं.

उन्हं वर आल्यावरच निघालो. पहाटेच्या धुक्यात जुन्या गाडीचा मिणमिणता दिवा काय कामाचा? अक्कलकोट, सोलापूर करत पंढरपुरात जेवण, पुढे माळशिरस, नातेपुते आणि फलटणला माझ्या मावशीकडे मुक्काम. तासातासाला थांबून चहा. तो चैनीसाठी नव्हे. बोटं गारठली की क्लच-ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, म्हणून हात शेकून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी वाई, मग पसरणीचा घाट. येझदी धापा टाकत चढली, पण चढली. पाचगणीच्या पुढे भिलार, म्हणजे 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं, त्याच्या जवळच्या एका शेतावर तंबू लागले होते. बाजूला स्ट्रॉबेरीचे वाफे. वीस-पंचवीस गाड्या आणि त्यांत बायका आम्ही चौघीच. आम्ही आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवलं, पुरुषांनी आधी एकमेकांचे कार्बोरेटर बघितले!

सूर्य बुडाला आणि थंडीनं दात वाजायला लागले. तिथून जवळच महाबळेश्वरचा वेण्णा तलाव. कडाक्याच्या थंडीत तिथे काठावरचं दवसुद्धा गोठतं. रात्री शेकोटी विझत आली तसे हे म्हणाले, "घमेल्यात थोडे निखारे घेऊ आत. धूर तर नाही." मला सासूबाईंचे शब्द आठवले. "निखारे आत आले तर मी बाहेर झोपेन," मी म्हटलं. ह्यांनी तोंड फुगवलं. पाठ फिरवून झोपले. मी घोंगडी आणि वर्तमानपत्रं खाली घातली, चादरी वर घेतल्या. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं. तासाभरात हे घोरायला लागले.

रात्री एकच्या सुमारास मला उठावं लागलं. टॉर्च घेऊन निघाले तर पलीकडच्या तंबूत लालसर उजेड दिसला. तंबूची चेन गच्च ओढलेली. आत विशी-बाविशीची दोन मुलं होती, संध्याकाळी "काकू, भाकरी द्या ना" म्हणून मागून खाल्लेली. मी हाक मारली, "अरे बाळांनो, निखारे आत घेतलेत का?" उत्तर नाही. पुन्हा जोरात हाक मारली. नुसतं कण्हणं ऐकू आलं.

मी ओरडले. हे आणि भावजी धावत आले, चेन उघडून दोघांना बाहेर ओढलं. एक डोकं धरून ओकायला लागला. दुसऱ्याची मान टाकलेली. हाक मारली की डोळे अर्धवट उघडायचा, बोलायचा नाही. 108 ला फोन केला. गाडी येईपर्यंत दोघांना उघड्या हवेत, कुशीवर, पांघरुणात गुंडाळून ठेवलं. दवाखान्यात प्राणवायू लावला. सकाळी नऊ वाजता दुसऱ्यानं पहिला शब्द काढला, "आई." मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

डॉक्टरांनी समजावलं ते तुम्हांलाही सांगते. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. लाल निखाऱ्याला धूर नसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि तोच घात करतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, आणि तीही प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटून. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. झोपेतल्या माणसाला तर काही कळतच नाही. तंबूतच असं होतं असंही नाही. बाळंतिणीची बंद खोली, शेकायची शेगडी, कोंदट न्हाणीघरातला गॅसचा गीझर, सगळीकडे तीच गत.

परतताना नातेपुत्याजवळ येझदी बंद पडली. प्लगला काजळी धरली होती. मी पिशवीतून पॉलिश पेपर काढून दिला. ह्यांनी प्लग घासला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. हे मागे वळून म्हणाले, "त्या रात्री मी निखारे आणले असते तर?" मी काही बोलले नाही. हेल्मेट घातलं आणि मागे बसले.

तुमच्या घरचं कुणी असं निघालं तर एवढं बघा :

- नोंदणी, विमा आणि धुराचा दाखला मुदतीत आहे ना?
- हेल्मेट दोघांनाही. पदर, ओढणी, मफलरचं टोक मोकळं नको.
- उजेडातच प्रवास. तासातासाला थांबून हात शेका.
- थंडी घालवायला दारू नको. अंग तापल्यासारखं वाटतं, पण ऊब बाहेर निघून जाते.
- तंबूत शेगडी, निखारे, स्टोव्ह काहीही नको. ऊब हवी तर गरम पाण्याची रबरी पिशवी.
- कुणाचं डोकं दुखून मळमळायला लागलं तर आधी उघड्या हवेत न्या, मग 108.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ, मी सांगितलं होतं." पोरांनो, मोठ्यांचं ऐका, असं मी म्हणणार होते, पण मुलगा फोनवर होता. तो हळूच म्हणाला, "आई, गाडी विकू नका. पुढच्या वर्षी मी येतो."

म्हणजे पुढच्या संक्रांतीला कडक भाकऱ्या जास्त थापायच्या. तुमच्याकडे थंडीच्या प्रवासाची काही युक्ती असेल तर जरूर कळवा हं.