अहवालावरील सहीचे मोल

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे भोवतालच्या गावांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळले. ज्या कागदाने आपले भवितव्य ठरते तो आपल्याला वाचताही येऊ नये, याविरुद्धचा तो उद्रेक होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने असे दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिण्याची तरतूद केली. कागदाला जबाबदार साक्षीदार मिळाला.

आज ग्रामीण रुग्णाच्या हाती असाच एक अगम्य कागद पडतो. तो म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. नमुना अनेकदा गावात घेतला जातो आणि तपासणी दूरच्या प्रयोगशाळेत होते. योग्य काळजी न घेता ठेवलेल्या रक्तातील साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. रक्तपेशी फुटल्यास पोटॅशियम वाढलेले दिसते. यंत्र आकडा देते. तो आजाराचा की वाटेतील हेळसांडीचा, याचा निवाडा वैद्यकीय जीवरसायनतज्ज्ञालाच करावा लागतो.

असा तज्ज्ञ घडण्याचे दोन मार्ग आहेत. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचे एम.डी. हा पहिला, तो अत्यंत अरुंद आहे. विज्ञान पदवीनंतर वैद्यकीय जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. हा दुसरा. तो सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला खरा. परंतु त्याच्या शेवटी अनिश्चितता उभी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर, नोंदणीकृत वैद्यकाचीच प्रतिस्वाक्षरी ग्राह्य मानली. वैद्यकीय महाविद्यालयांच्या जीवरसायन विभागात अशा एम.एस्सी. धारकांना अध्यापनात मिळणारा कमाल वाटा २०२० मध्ये ५० वरून १५ टक्क्यांवर आणला गेला. पुढेही नियमांत फेरबदल होत राहिले. वर्षे आणि पैसा खर्चून मिळणाऱ्या पात्रतेचे मोल परिपत्रकागणिक बदलणार असेल, तर हुशार विद्यार्थी तिकडे का वळेल?

अपात्र व्यक्तींनी चालविलेल्या प्रयोगशाळांविषयी वैद्यकांना वाटणारी चिंता रास्त आहे. मात्र तिच्यावर उपाय दार बंद करणे हा नव्हे. कसोटी कडक करणे हा आहे. बारामतीत १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे आणि २०१९ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. अशा ठिकाणी विज्ञान पदवीधरांना विद्यावेतन देऊन, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतच पर्यवेक्षणाखाली प्रशिक्षण द्यावे. शेवटी परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्णांना मर्यादित, पण निश्चित असा सहीचा अधिकार द्यावा.

सुप्याच्या शेतकऱ्याला दीडशे वर्षांपूर्वी कागदामागे जबाबदार माणूस हवा होता. त्याच्या पणतवंडांची मागणी याहून वेगळी नाही.